किती अणूंचा धातू? (प्रस्तावना)

पारा धातू आहे. पाऱ्याचा एकटा अणू मात्र धातू नाही. ट्यूबलाइटच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. तिथले अणू सुटे, एकमेकांपासून लांब. विजेने डिवचला की असा अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडतो, मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अतिनील. प्रकाश ठरावीक आहे, कारण अणूतल्या ऊर्जापातळ्या ठरावीक आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. सुमारे ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टची ही जागा एका उडीत ओलांडता आली नाही, तर तिथल्या इलेक्ट्रॉनला काहीच करता येत नाही. तोच पारा थर्मामीटरमध्ये द्रवरूपात असतो तेव्हा चकाकतो, वीज वाहून नेतो, आणि त्याच्या इलेक्ट्रॉनांना हलायला कितीही थोडी ऊर्जा पुरते. अणू तेच असतात. फक्त ते खूप संख्येने आणि एकमेकांना खेटून असतात.

मग किती अणू एकत्र आले की धातू सुरू होतो? एखाद्या शाळकरी मुलाने विचारावा इतका हा प्रश्न सरळ आहे, आणि १९८०च्या दशकात तो प्रयोगशाळेत खरोखरच विचारला गेला. निर्वात पोकळीत पाऱ्याच्या अणूंचे लहान लहान गुच्छ उडवायचे आणि प्रत्येक गुच्छातून एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते ते मोजायचे. सुट्या अणूला १०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, द्रव पाऱ्याला सुमारे ४.५. मधली वाटचाल अशी दिसली: डझनभर अणूंपर्यंत गुच्छ म्हणजे केवळ सुटे अणू एकमेकांना हलकेच चिकटलेले; त्यानंतर ऊर्जा हळूहळू घसरू लागते आणि सत्तरच्या आसपास धातूच्या गोळीकडून जी अपेक्षा असते तिच्यावर येऊन टेकते. पुढे १९९८ मध्ये ऋणभारित गुच्छांवर प्रकाश टाकून भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधली फट थेट मोजली गेली. गुच्छ मोठा होत जाईल तशी ती अरुंद होत गेली, आणि आलेखाची रेषा पुढे वाढवली तेव्हा ती सुमारे ४०० अणूंना मिटली.

सत्तर की चारशे? मोजमापे दोन्ही नीट केलेली होती. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र वेगळे होते. एकाने विचारले, इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याची किंमत काय? दुसऱ्याने विचारले, आतल्या आत हलण्याची किंमत काय? आकार बदलला की या दोन किमती वेगवेगळ्या नियमांनी बदलतात, आणि हे पुस्तक मुख्यतः या वेगळेपणाबद्दल आहे. धातूचा कण लहान केला की ‘क्वांटम परिणाम’ दिसतात, हे वाक्य आता वर्तमानपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांतही सापडते. ते खोटे नाही, पण त्यात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या आहेत. त्या सोडवून पाहिल्या नाहीत तर आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात.

सुरुवात ऊर्जापातळ्यांपासून करू. सोडियमचा एक अणू घेतला तर त्याच्या सर्वात बाहेरच्या इलेक्ट्रॉनची एक पातळी असते. दोन अणू जवळ आणले की तिच्या दोन होतात, शंभर आणले की शंभर. या सगळ्या पातळ्या काही इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदीच्या एका पट्ट्यात मावतात, आणि पट्ट्याची रुंदी अणूंच्या संख्येवर फारशी अवलंबून नसते. ती शेजारी अणू किती जवळ आहेत यावर ठरते. म्हणजे अणू वाढतात तसा पट्टा रुंदावत नाही, दाट होतो. भरण्याची पद्धत एसटीसारखी: बाकावर दोघे, पुढून मागे. पुढच्या बाकांवरच्यांना उठायला वाव नसतो, कारण आजूबाजूचे सगळे बाक भरलेले असतात. हालचाल करू शकतात ते फक्त शेवटच्या भरलेल्या बाकाजवळचे, ज्यांच्या मागे रिकामे बाक आहेत. त्या शेवटच्या भरलेल्या पातळीची ऊर्जा म्हणजे फर्मी ऊर्जा. सोन्यात ती सुमारे ५.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, सोडियममध्ये सुमारे ३.२.

इथे एक गैरसमज आधीच बाजूला करायला हवा, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो हमखास भेटतो. कण लहान केला म्हणून फर्मी ऊर्जा बदलत नाही. ती इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते, आणि सोन्याच्या मण्यातली घनता व त्याच सोन्याच्या पाच नॅनोमीटरच्या कणातली घनता जवळपास सारखीच असते. बदलते ते फर्मी ऊर्जेजवळच्या दोन लागोपाठ पातळ्यांमधले अंतर. तेवढीच ऊर्जा कमी बाकांत वाटली गेली की बाकांमधले अंतर वाढते. मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे साधे चित्र घेतले तर हे सरासरी अंतर फर्मी ऊर्जेच्या चार तृतीयांशाला इलेक्ट्रॉनांच्या संख्येने भागून मिळते.

एक मिलिमीटर व्यासाच्या सोन्याच्या मण्यात अणूंची संख्या साधारण ३ वर १९ शून्ये इतकी येते. तिथे दोन पातळ्यांमधले अंतर इतके नगण्य आहे की पट्टा अखंड मानण्याला कोणाचीच हरकत नसावी. दहा नॅनोमीटरच्या कणात सुमारे ३१ हजार अणू असतात. अंतर येते ०.०००२४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तापमानाच्या भाषेत हे जेमतेम ३ केल्विन होते. म्हणजे ३ केल्विनहूनही खालच्या थंडीत हा कण आपल्या पायऱ्या दाखवेल, पण खोलीच्या तापमानाला उष्णतेची धुसफूस ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्टची असते आणि तिच्यात या पायऱ्या पार बुडून जातात. दोन नॅनोमीटरच्या कणात अडीचशेच्या आसपास अणू राहतात. अंतर ०.०३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे खोलीच्या उष्णतेच्या बरोबरीचे. एक नॅनोमीटरला तीसेक अणू, आणि अंतर पाव इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ. म्हणून ‘सोने दोन नॅनोमीटरला धातू राहत नाही’ असे म्हणताना ‘खोलीच्या तापमानाला’ हे शब्द पुढे जोडणे भाग आहे. तापमान सांगितले नाही तर त्या वाक्याला अर्थच राहत नाही.

पातळ्यांमधल्या या अंतराचा विचार हर्बर्ट फ्रॉलिख यांनी १९३७ मध्येच केला होता. पण या विषयाला आजचे रूप दिले ते टोकियोच्या र्‍योगो कुबो यांनी, १९६२ मध्ये. त्यांच्या लेखात दोन मुद्दे होते. पहिला, खऱ्या धातुकणांचे पृष्ठभाग इतके ओबडधोबड आणि एकमेकांपासून वेगळे असतात की प्रत्येक कणाच्या पातळ्या मोजत बसण्यात अर्थ नाही. त्या यादृच्छिक मानाव्यात आणि सरासरी काढावी. दुसरा मुद्दा अधिक खोल होता. मोठ्या धातूत एखादा इलेक्ट्रॉन इकडून आला किंवा तिकडे गेला तर कोणी विचारत नाही. कणात तसे चालत नाही, कारण एक इलेक्ट्रॉन आत घालायला किंवा बाहेर काढायला विद्युतभाराची मोठी किंमत मोजावी लागते. म्हणून कणातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या पक्की राहते, आणि ती सम आहे की विषम याला महत्त्व येते. विषम असेल तर एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो आणि थंडीत कण इवल्याशा चुंबकासारखा वागतो. सम असेल तर सगळ्यांच्या जोड्या लागतात आणि तापमान उतरते तसे ते चुंबकत्व झपाट्याने ओसरते. हातात घेतलेल्या धातूच्या तुकड्यात इलेक्ट्रॉन सम आहेत की विषम हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल. कणात त्याचे उत्तर प्रयोगाने मिळते.

ते सर्वात स्वच्छ मिळाले हार्वर्डमध्ये, १९९५च्या सुमारास. डॅनियल राल्फ, चार्ल्स ब्लॅक आणि मायकेल टिंकहॅम यांनी पाच-दहा नॅनोमीटरचा ॲल्युमिनियमचा एकच कण दोन विद्युताग्रांमध्ये पकडला, तो निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केला आणि त्यातून एकेक इलेक्ट्रॉन जाऊ दिला. प्रवाहाचा आलेख पायऱ्यापायऱ्यांनी चढला, आणि ती प्रत्येक पायरी म्हणजे कणातली एक पातळी. ॲल्युमिनियम थंडीत अतिवाहक होतो, त्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट तपासता आली. फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये म्हटले होते की पातळ्यांमधले अंतर अतिवाहक फटीपेक्षा मोठे झाले की अतिवाहकता टिकणार नाही. मोठ्या कणांत सम आणि विषम यांतला अतिवाहकतेचा फरक स्पष्ट दिसला. सर्वात लहान कणांत अतिवाहक फट ओळखता येईना. या पुस्तकातला माझा सर्वात आवडता प्रयोग हाच, आणि त्यावरचे प्रकरण थोडे लांबले आहे हे मला मान्य आहे.

कुबोंच्या दुसऱ्या मुद्द्यातली विद्युतभाराची किंमत किती? हे गणित बारावीच्या भौतिकशास्त्रात येते. ‘र’ त्रिज्येच्या गोळीवर एक इलेक्ट्रॉनइतका भार ठेवायला लागणारी ऊर्जा, इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि नॅनोमीटर या एककांत, ०.७२ भागिले ‘र’. एक नॅनोमीटर त्रिज्येच्या, म्हणजे वरच्या दोन नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणासाठी, ०.७२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याच कणातले पातळ्यांचे अंतर ०.०३ होते. चोवीसपट फरक! आणि कण मोठा होत गेला की हा फरक आणखी वाढतो, कारण पातळ्यांमधले अंतर त्रिज्येच्या घनाने घटते, तर भाराची किंमत नुसत्या त्रिज्येने. दहा नॅनोमीटरच्या कणात पातळ्या खोलीच्या तापमानाला पूर्ण मिसळून गेलेल्या असतात, पण भाराची किंमत अजून उष्णतेच्या पाचपटीहून जास्त असते. म्हणून एकेक इलेक्ट्रॉन अडवून धरणारा कण आतून अगदी चांगला धातू असू शकतो. झेलर आणि येव्हर यांनी १९६८ मध्ये कथलाच्या कणांत हीच अडवणूक पाहिली होती. तिला क्वांटम आकारपरिणाम म्हणणे चूक आहे. ती कुलोंबच्या नियमातून येते, आणि तो नियम अठराव्या शतकातला.

इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याची किंमत आकाराने कशी बदलते याचे उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे: मोठ्या धातूसाठी लागणारी ऊर्जा, अधिक त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणातली एक भर. ही भर किती, यावर १९८०च्या दशकात एक छोटीशी लढाई झाली. भारित गोळीचे साधे गणित गुणक १/२ देते. डी. एम. वुड यांनी १९८१ मध्ये, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला गोळीतली त्याचीच विद्युत प्रतिमा मागे ओढते हे धरून, ३/८ काढला. प्रयोगांचे आकडे ३/८ च्या इतके जवळ येत होते की पुष्कळांनी तो बरोबर मानला. १९८८ मध्ये मेकॉव्ह, निट्झन आणि ब्रस यांनी दाखवले की पृष्ठभागापासून अणूइतक्या अंतरावर प्रतिमेचे सूत्र चालतच नाही. अभिजात उत्तर १/२ हेच, आणि उरलेली तूट धातूगणिक बदलणाऱ्या क्वांटम दुरुस्तीने भरून येते. चुकीच्या वाटेने जवळपास बरोबर आकडा येण्याचे इतके देखणे उदाहरण क्वचित सापडते. सोडियमला ३/८ चे सूत्र लावून कणाचा आकार एका अणूपर्यंत खाली आणला, जिथे गोळी, पृष्ठभाग, प्रतिमा या शब्दांना काही अर्थ उरत नाही, तरी उत्तर ५.३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. सोडियमच्या अणूची मोजलेली किंमत ५.१४ आहे.

आतापर्यंतचे सगळे नियम गुळगुळीत होते: कण लहान करा, आकडा सावकाश सरकतो. १९८४ मध्ये या चित्राला तडा गेला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे वॉल्टर नाइट आणि त्यांचे सहकारी सोडियमची वाफ आरगॉनबरोबर एका बारीक छिद्रातून निर्वातात सोडत होते. वाफ एकदम थंड होऊन अणूंचे गुच्छ बनत, आणि कोणत्या आकाराचे किती गुच्छ बनले ते वजनावरून मोजले जाई. सगळे आकार साधारण सारख्या प्रमाणात यावेत, किंवा मोठे होत जातील तसे सावकाश कमी व्हावेत, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात ८, २०, ४०, ५८ आणि ९२ अणूंचे गुच्छ इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आले, आणि प्रत्येक शिखराच्या लगेच पुढे संख्या कोसळली. अणूंची रचना कशी असेल याचा विचार करून हे आकडे येत नाहीत. ते येतात इलेक्ट्रॉन मोजून. सोडियमचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो. हे इलेक्ट्रॉन अणूंकडे दुर्लक्ष करून साऱ्या गुच्छालाच एक मोठी गोल वाटी समजतात. गोल वाटीतल्या पातळ्या एकेकट्या येत नाहीत, झुंडीने येतात: आधी २, मग ६, मग १० आणि २, मग १४ आणि ६, मग १८. बेरीज करत जा: २, ८, २०, ४०, ५८. बर्लिनमध्ये वॉल्टर एकार्ट यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे केलेल्या गणिताने हेच चित्र दिले.

अणुकेंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना हे आकडे ओळखीचे वाटले. मारिया गेपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांनी १९४९ मध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यासाठी अशीच कवचे मांडली होती. तिथेही २, ८, २० येतात. पुढे २८, ५०, ८२ अशी वाट बदलते, कारण अणुकेंद्रात स्पिन आणि कक्षीय गती यांची जोड फार प्रबळ असते. सोडियममध्ये ती नगण्य, म्हणून तिथे ४० आणि ५८. हे पाहिल्यावर कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या अणुकेंद्राच्या अभ्यासकांनी धातूंचे गुच्छ हाती घेतले ते स्वाभाविकच होते. अणुकेंद्रात कण शे-दोनशे, फार तर अडीचशे-तीनशे. पुढे निसर्गच थांबतो. सोडियमच्या गुच्छांना अशी मर्यादा नाही. १९९१ मध्ये त्यांनी सुमारे ३००० अणूंपर्यंतची कवचे मोजली आणि कवचांचा ठळकपणा स्वतःच कमीजास्त होतो, जवळपास समान स्वरांचे ठोके ऐकू यावेत तसा, हे दाखवले. अणुकेंद्रासाठी कल्पिलेले आणि तिथे कधीच न दिसणारे हे ‘महाकवच’ अखेर सोडियममध्ये दिसले.

आता कुबो आणि नाइट एकमेकांविरुद्ध उभे राहिल्यासारखे वाटतील. एक म्हणतो पातळ्या यादृच्छिक, दुसरा म्हणतो झुंडीने आणि शिस्तीत. दोघेही बरोबर आहेत. नाइट यांचे गुच्छ मोकळे, गरम, जवळजवळ द्रव थेंबासारखे. त्यांना गोल व्हायला कोणी अडवत नाही. कुबोंचे कण भुकटीतले, कशावर तरी टेकलेले, कोपरे फुटलेले. गोलाई मोडली की झुंडी विस्कटतात आणि सरासरी अंतर राज्य करू लागते. आणि कवच अर्धवट भरलेले असेल तर मोकळा गुच्छही गोल राहत नाही. तो लांबट किंवा चपटा होतो आणि तेवढी ऊर्जा वाचवतो. म्हणजे आकारमानावरून ऊर्जा ठरते इतकेच खरे नाही. ऊर्जेवरून आकारही ठरतो. आकारमान एवढ्या एकाच गोष्टीवर आलेख काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

सोन्याकडे वळतो, कारण आजची बहुतेक चर्चा त्याच्याभोवती आहे, आणि बहुतेक गोंधळही. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या बारीक कणांची माणकासारखी लाल द्रावणे केली. त्यांतल्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. ‘नॅनो आकारात सोने लाल होते, हा क्वांटमचा चमत्कार’ असे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की त्याचा प्रतिवाद प्रस्तावनेतच करतो. वीस नॅनोमीटरच्या लाल कणात अडीच लाखांच्या आसपास अणू असतात. त्यातल्या पातळ्यांमधले अंतर अर्ध्या केल्विनलाही भरत नाही. तो पूर्ण धातू आहे. लाल रंग येतो तो कणातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात म्हणून. त्या डोलण्याला ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश जुळतो, तो शोषला जातो, लाल उरतो. गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये याचे पूर्ण गणित केवळ मॅक्सवेलच्या समीकरणांतून मांडले, श्रोडिंगरचे समीकरण येण्याच्या अठरा वर्षे आधी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे पातळ त्रिकोण बनवले, ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्रिकोण दृश्य प्रकाशापलीकडचा, अवरक्ताजवळचा प्रकाश शोषतात. तेही आकृतीचे आणि मॅक्सवेलचे काम. या कामांचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. फक्त ते या पुस्तकाच्या विषयात बसत नाही.

विषय सुरू होतो जिथे तो लाल रंग नाहीसा होतो तिथे. गेल्या वीस वर्षांत रसायनतज्ज्ञांनी एक मोठी गोष्ट साधली: अंदाजे दोन नॅनोमीटरचे नव्हे, तर नेमक्या इतक्याच अणूंचे सोन्याचे कण, गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंचे आवरण घातलेले, बाटलीत भरण्याइतक्या प्रमाणात. २००७ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ अणूंच्या कणाची संपूर्ण रचना क्ष-किरणांनी उलगडली. हे तेच कॉर्नबर्ग, ज्यांना आदल्या वर्षी पेशीतल्या आरएनए-निर्मितीच्या कामासाठी नोबेल मिळाले होते. या कणावर आवरणाचे ४४ रेणू असतात आणि प्रत्येक रेणू सोन्याचा एक मोकळा इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. १०२ मधून ४४ गेले: ५८. दुसरा प्रसिद्ध कण २५ अणूंचा, १८ रेणूंचा, एका जादा इलेक्ट्रॉनसह: ८. सोडियमच्या वाफेत दिसलेले आकडे, पंचवीस वर्षांनी, वेगळ्या धातूच्या स्थिर स्फटिकांत परत आले. २५ अणूंच्या या कणातली फट १.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. कुबोंचे सरासरी सूत्र तिथे ०.३ च्या जवळ उत्तर देते. बंद कवच आणि आवरण यांचा हिशेब सरासरीत येत नाही, म्हणून ही तफावत.

धातूची सीमा शोधण्याचे काम पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रोंगचाव जिन यांच्या गटाने चिकाटीने केले. त्यांची कसोटी हुशार आहे. कणावर अतिशय क्षणिक लेसर स्पंद टाकायचा आणि उत्तेजित इलेक्ट्रॉन किती वेळात निवतात ते पाहायचे. धातूत हा वेळ लेसरच्या शक्तीबरोबर वाढतो, कारण तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा जितका गरम तितका सावकाश निवतो. रेणूसारख्या कणात लेसरची शक्ती वाढवून काही फरक पडत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: २४६ अणूंचा कण अजून रेणू, २७९ अणूंचा कण धातू. तेहेतीस अणूंच्या आत उलटापालट. आधी केलेल्या ढोबळ हिशेबात खोलीच्या उष्णतेशी बरोबरी अडीचशे अणूंनाच झाली होती, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. या जुळण्यावर मी फार भार टाकणार नाही. आवरणाने किती इलेक्ट्रॉन बांधले, आतली मांडणी कशी आहे, यांनी हा आकडा सहज हलू शकतो.

बंगळुरूत सी. एन. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात वेगळ्या वाटेने याच सीमेकडे पाहिले होते. क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकाचे टोक एकेका धातुकणावर नेऊन त्यांनी प्रवाह मोजला, आणि अगदी लहान कणांत फट उघडते हे दाखवले. त्याच्याही आधी क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा मोजणारे पुष्कळ प्रयोग झाले. कण लहान होतो तशा आतल्या पातळ्या सरकलेल्या दिसत, आणि त्या सरकण्याला धातूपणा गेल्याची खूण मानले जाई. वर्थहाइम आणि डिचेन्झो यांनी १९८३ मध्ये या उत्साहाला लगाम घातला. इलेक्ट्रॉन उडाला की कणावर एक धनभार मागे राहतो. आधार नीट वाहक नसेल तर तो भार लगेच निघून जात नाही, आणि जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला मागे खेचतो. त्यामुळे दिसणारे सरकणे बऱ्याच अंशी मोजण्याच्या कृतीनेच निर्माण झालेले असते, आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ते फसवेही असते. या सावधगिरीचा संदर्भ नसलेला जुना लेख हाती आला तर त्यातले आकडे राखूनच वापरावेत.

सोन्याच्या उत्प्रेरक गुणाबद्दलही हाच सल्ला. मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले की ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे बारीक कण कार्बन मोनॉक्साइडचे शून्य अंशाखालीही ज्वलन घडवतात. मोठ्या तुकड्यातले सोने मात्र याबाबत ढिम्म. १९९८ मध्ये गुडमन यांच्या गटाला टायटॅनियम ऑक्साइडवर ही क्रिया साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक आढळली, आणि नेमके त्याच आकारात फट उघडताना दिसली. दोन गोष्टी एकाच आकाराला घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कण लहान झाला की पृष्ठभागावरच्या, कडा-कोपऱ्यांवरच्या अणूंचे प्रमाणही वाढते: १४७ अणूंच्या सममित कणात ९२ अणू पृष्ठभागावर असतात, ३०९ अणूंच्या कणात १६२. शेजारी कमी असलेले हे अणू आणि ऑक्साइडला टेकलेली कणाची परिमिती यांना आज बहुतेक अभ्यासक मोठे श्रेय देतात. माझाही कल तिकडेच आहे, आणि त्या प्रकरणात विरुद्ध बाजूला पुरेशी जागा मिळाली आहे की नाही हे वाचकांनी तपासावे.

पुस्तक वाचण्याविषयी थोडे. पहिल्या तीन प्रकरणांना बारावीचे भौतिकशास्त्र पुरते. कवचांच्या प्रकरणात गोलीय वाटीतल्या तरंगसमीकरणाची उकल दिली आहे. ती सोडून थेट निष्कर्षांवर गेलात तरी पुढचे काही अडणार नाही. सर्वत्र ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आणि लांबी नॅनोमीटरमध्ये आहे. खोलीचे तापमान आले की ०.०२६ हा आकडा आठवावा. पुस्तकात तो दर काही पानांनी लागतो. अणूंची संख्या आणि इलेक्ट्रॉनांची संख्या सोडियम व सोन्यात सारखी धरली आहे. ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे तिथले आलेख वाचताना आडव्या अक्षावर काय लिहिले आहे ते आधी पाहावे. पाऱ्याचे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. सत्तर आणि चारशे यांच्यातले सगळे टप्पे तिथे एकाच आलेखावर काढले आहेत, आणि तो आलेख समजायला आधीची सगळी प्रकरणे लागतात.